डूख धरून डबल

माझं पत्त्यांचं शिक्षण आजोळी झालं. संगमेश्वर तालुका, मे महिना, दुपारची वेळ, माजघराची सारवलेली गार जमीन. गुरू म्हणजे आजी. एकादशी, सोवळं सगळं काटेकोर पाळणारी ही बाई बदाम सातला बसली की तिची दयामाया देव्हाऱ्यापाशीच राहायची. इस्पिकची अठ्ठी तिच्याकडे आहे हे सगळ्यांना कळलेलं असायचं. आमच्या हातात नव्वी, दश्शी, गुलाम ओळीने खोळंबलेले. आजी मात्र दर खेपेला दुसरंच कुठलं तरी पान हुडकून टाकायची आणि आमचे रडवेले चेहरे बघून वर म्हणायची, "पान नसलं तर पास म्हणावं, मुसमुसू नये."

मेंढीकोटात तर ती आणि थोरला मामा भिडू असले की आम्ही मेलोच. आजीने पदर सावरला म्हणजे इस्पिक, कानातली कुडी चाचपली म्हणजे चौकट. हे आम्हाला ठाऊक होतं, आम्हाला ठाऊक आहे हे तिलाही ठाऊक होतं, म्हणून अधूनमधून ती उगाचच कुडी चाचपायची. झब्बूत जो गाढव ठरेल त्याने सगळ्यांना माठातलं पाणी आणून द्यायचं. धाकट्या मावशीला एका सुट्टीत इतक्या वेळा गाढव केलं की ती पत्ते विहिरीत टाकायला निघाली होती. हा आमचा खेळ. दुष्टावा हा त्यातला दोष नव्हताच, तो खेळाचा मसाला होता, आणि मला तो चांगला जमायचा.

म्हणून गेल्या वर्षी बँकेतून निवृत्त झाल्यावर खालच्या मजल्यावरच्या काकू "ब्रिज शिकतेस का गं? मला भिडू नाही," असं म्हणाल्या तेव्हा मी मनातल्या मनात हसले होते. पत्ते मला कोण शिकवणार? काकू चौऱ्याहत्तर वर्षांच्या. चाळीस वर्षं त्या आणि काका एकत्र खेळले. काका गेल्यावर दोन वर्षं त्यांनी पानाला हात लावला नव्हता. तीन महिने त्यांनी मला स्वयंपाकघरातल्या टेबलावर शिकवलं. एक्क्याचे चार गुण, राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक. मग एका बुधवारी मला पुण्यातल्या एका जिमखान्याच्या वरच्या मजल्यावर घेऊन गेल्या. नऊ टेबलं, छत्तीस माणसं, आणि आवाज फक्त पंख्यांचा.

पहिला धक्का तोच. इथे बोलायचं नसतं. प्रत्येकाच्या उजव्या हाताला एक खोकं, त्यात छापील कार्डं. बोली बोलायची ती कार्ड काढून. पस्तीस बोल्या, शिवाय पास, डबल आणि रीडबल. एवढ्या अडतीस शब्दांत काय ते भिडूला सांगायचं. पदर, कुडी, खोकला काही चालत नाही. काकूंची पानं डमी म्हणून टेबलावर पसरली, मी खेळू लागले आणि सवयीने विचारून बसले, "काकू, हे टाकू का?" दोन्ही बाजूंची माणसं देवळात चपला घालून आल्यासारखी माझ्याकडे बघायला लागली. डमीने डाव संपेपर्यंत काही सुचवायचं नसतं म्हणे. काकू छताकडे बघत होत्या.

दुसरा धक्का म्हणजे नशिबाला बोल लावायची सोय नाही. प्रत्येक बोर्डातली चार जणांची पानं जशीच्या तशी पुढच्या टेबलावर जातात. म्हणजे जी पानं मला आली तीच इतर टेबलांवर माझ्या जागी बसणाऱ्या आठ जणांना येतात, आणि त्यांच्यापेक्षा मी काय बरं केलं यावर गुण. ज्या जोडीपेक्षा सरस खेळलात तिचे दोन गुण, बरोबरीला एक. "आज पानंच पडली नाहीत" हे वाक्य मी आयुष्यभर वापरलं होतं. ते एका संध्याकाळीत निकालात निघालं.

आणि तरीही हा खेळ सभ्य आहे असं मला सुरुवातीला मुळीच वाटलं नाही. नियम आणि शिष्टाचार एवढे, पण पानांचं वागणं बघा! समोरचा नो ट्रंप खेळत असेल तर त्याच्या लांब रंगाचा एक्का हातात असूनही पहिल्या हाताला टाकायचा नाही, दुसऱ्याला टाकायचा नाही, त्याची डमीशी असलेली वाट बंद होईपर्यंत दाबून ठेवायचा. आजीची अठ्ठीच ही! फक्त इथे ती दाबली की भिडू "वेल प्लेड" म्हणतो. राणी हातात असताना चौकी टाकून राणी नाहीच असं भासवायचं, तेही चालतं. प्रतिस्पर्ध्याला कोंडीत धरून त्याच्याच हाताने त्याचं चांगलं पान फेकायला लावायचं, त्याला स्क्वीझ म्हणतात आणि त्यावर पुस्तकंच्या पुस्तकं आहेत. मी खूश. आपल्याच गावात आलो की!

तिसऱ्या बुधवारी कळलं, आपलं गाव नव्हे.

टेबलावर उत्तरेला एक काका बसले होते. बिनबाह्यांचा स्वेटर, पुण्यात मार्चमध्येही. चेहऱ्यावर रेघ हलत नाही. त्यांनी चार इस्पिक बोलून डाव घेतला होता आणि इस्पिकची राणी कुठे आहे हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांनी आपल्या हातातून इस्पिकचा गुलाम टाकला. पाळी माझी. माझ्याकडे इस्पिकची दोनच पानं, तिर्री आणि पंजी. कुठलंही टाकलं असतं तरी चाललं असतं. पण मी थांबले. पंजीवर बोट ठेवलं, मग तिर्रीवर, मग पुन्हा पंजीवर, आणि शेवटी तिर्री टाकली. काकांनी माझ्याकडे एकदा बघितलं, डमीतून लहान पान मागवलं आणि काकूंनी शांतपणे राणी मारली. डाव एका हाताने बुडाला. मला आतून उकळ्या फुटत होत्या.

तेवढ्यात स्वेटरवाल्या काकांनी हात वर केला. "डायरेक्टर, प्लीज."

डायरेक्टर म्हणजे पंचविशीतला एक मुलगा, हातात 2017 च्या आवृत्तीचं नियमांचं पुस्तक. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "मॅडम, तुम्ही कशाचा विचार करत होतात?" मी म्हटलं, "कुठलं पान टाकावं याचा." तो म्हणाला, "दोन्ही छोटीच होती ना?" मग त्याने त्र्याहत्तरावं कलम वाचून दाखवलं. अर्थ असा की, विचार करण्याजोगं काही कारण नसताना तुम्ही रेंगाळलात, समोरच्याने त्यावरून चुकीचा अंदाज बांधला, आणि असं होऊ शकेल हे तुम्हाला कळण्यासारखं होतं, तर निकाल बदलायचा. बदलला. काकांचे दहा हात झाले असं धरून आमच्या खात्यात भोपळा.

माझा चेहरा लाल. "म्हणजे मी फसवणूक केली असं म्हणताय?" मुलगा अगदी गोड आवाजात म्हणाला, "नाही मॅडम, तुमचा हेतू आम्ही विचारतच नाही."

याचा मला सगळ्यात राग आला. चोर म्हटलं असतं तर भांडता तरी आलं असतं! घरी येताना रिक्षात मी काकूंना म्हटलं, "राणी असून चौकी टाकली तर हुशारी, आणि राणी नसताना नुसता दोन सेकंद विचार केला तर गुन्हा? दोन्हीत फसवणूकच ना?" काकू म्हणाल्या, "पानाने काय वाटेल ते खोटं बोल. तोंडाने, हाताने, घड्याळाने बोलायचं नाही." मग जरा थांबून, "तू खरंच विचार करत होतीस का गं?"

मी हो म्हटलं. ते पूर्ण खरं नव्हतं. गुलाम पडला तेव्हा मी गोंधळले होते हे खरं. पण पंजीवरून बोट तिर्रीवर नेलं आणि पुन्हा मागे आणलं, तेव्हा माजघरातली ती कुडी चाचपणारी आजी माझ्या खांद्यावरून डोकावत होती हेही खरं. किती माझं आणि किती तिचं, मला वेगळं काढता येईना.

पुढे काकूंनीच बऱ्याच गोष्टी सांगितल्या. त्यांना या खेळातल्या पापांचा इतिहास तोंडपाठ आहे. मोठ्या स्पर्धांत टेबलावर कोपऱ्यातून कोपऱ्यात पडदा लावतात, भिडूचं तोंड दिसू नये म्हणून. 1975 साली बर्म्युडातल्या जागतिक स्पर्धेत पडदे होते, तरी एका इटालियन जोडीवर टेबलाखालून पायांनी खुणा केल्याचा ठपका आला. मग टेबलाखालीही फळ्या ठोकल्या. 2015 साली एका इस्रायली जोडीची चोरी उघड झाली ती चित्रफिती पुन्हा पुन्हा बघून. बोर्डाचा ट्रे टेबलावर कुठे सरकवला यात त्यांची खूण होती. ते उघड करणारा नॉर्वेचा बॉये ब्रोगलँड आदल्या वर्षी त्यांच्याच संघातून खेळलेला होता. त्या काळात मिळालेली विजेतेपदं सोडून द्यायची तयारी त्याने स्वतः जाहीर केली. हे सांगताना काकूंचा आवाज किंचित बदलला. मी मात्र मनात पदर, कुडी आणि ट्रे एका ओळीत मांडत बसले. आमच्या आजीला पडदा, फळी आणि वर एखादा पोलीस लागला असता.

"आणि 1929 सालचं माहितीये का?" काकू म्हणाल्या. अमेरिकेत कॅन्सस सिटीला एका घरी दोन जोडपी ब्रिज खेळत होती. नवऱ्याने चार इस्पिक बोलून डाव घालवला. बायको म्हणाली, तुम्हाला खेळता येत नाही. त्याने तिला थोबाडीत मारली. तिने पिस्तूल आणून त्याला गोळी घातली. 1931 साली ज्युरीने तिला निर्दोष सोडलं. "त्या डावातली पानं काय होती हे कोणालाच धड आठवेना, पण तो कसा खेळायला हवा होता यावर मोठमोठ्यांनी लिहून ठेवलंय," काकू म्हणाल्या. "आमचे हे टेबलावर मला कधी वावगं बोलले नाहीत. लिफ्टमध्ये शिरेपर्यंत थांबायचे."

खरंच, मी बघितलं त्यात सर्वांत विखारी खेळ समोरच्याशी नव्हे, भिडूशी चालतो. एक गृहस्थ डमी म्हणून पानं मांडतानाच असा सुस्कारा सोडतात की बायकोचा हात थरथरायला लागतो. सुस्काऱ्यावर अजून कोणी हात वर केलेला मी बघितला नाही.

पण मला सांगायचंय ते माझ्याबद्दल.

महिन्याच्या शेवटच्या बुधवारी छोटी स्पर्धा असते. सत्तावीस बोर्ड, नऊ फेऱ्या. आम्ही पूर्व-पश्चिम, म्हणजे टेबलाटेबलावर फिरणारे; उत्तर-दक्षिणवाले जागेवर बसलेले. पाचव्या फेरीत आम्ही एका जोडप्याकडे गेलो. दोघंही शाळेतून निवृत्त झालेली. मी बोलीत गडबडले, तर त्या बाईंनी डाव संपल्यावर हळू आवाजात, न हिणवता, मला काय बोलायला हवं होतं ते सांगितलं आणि डब्यातली आलेपाकाची वडी दिली. नवव्या फेरीला आम्ही शेवटून दुसरे होतो, आणि समोर उत्तरेला स्वेटर.

काय झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. त्यांनी चार बदाम बोली केली. माझ्या हातात एक राणी, एक गुलाम, बाकी चिल्लर. बदामाची दोन पानं, दुर्री आणि चौकी. हे पडणार नाहीत हे शेंबड्या पोराला कळलं असतं. पण तीन आठवडे ते "तुमचा हेतू आम्ही विचारतच नाही" माझ्या डोक्यात घुमत होतं. म्हटलं, विचारा आता. मी खोक्यातलं लाल कार्ड काढून टेबलावर ठेवलं. डबल. आमचं नाहीतरी काय जाणार होतं? तळाला होतोच. त्यांचा जीव तर वर-खाली होईल! डाव खेळताना त्यांनी दर हाताला विचार केला. माझ्याकडे बदामाची पाच पानं आहेत असं धरून चालले असणार. मला फार बरं वाटत होतं.

शेवटी त्यांचे दहा हात झाले. बरोबर दहा, जे सगळ्या टेबलांवर झाले होते. बाकीच्यांना त्याचे 620. यांना, माझ्या कृपेने, 790.

ते काहीच बोलले नाहीत. पानं बोर्डात सरकवताना फक्त विचारलं, "डबलला काय होतं आपल्याकडे?" चिडून नाही, खरंच कळत नव्हतं म्हणून. मी काहीतरी पुटपुटले.

निकाल भिंतीवर लागला तेव्हा उत्तर-दक्षिणमध्ये स्वेटरवाले काका पहिले आणि आलेपाकवालं जोडपं दुसरं. फरक तीन गुणांचा. मी कागदावर हिशेब केला, बँकेतली सवय. त्या बोर्डावर सगळ्यांसारखे 620 झाले असते तर काकांना सोळापैकी आठ गुण मिळाले असते. माझ्या डबलमुळे सोळाच्या सोळा मिळाले. शिवाय बाकी प्रत्येक जोडीचा त्यांच्याशी बरोबरीचा एकेक गुण गेला, त्या जोडप्याचाही. ज्याच्यावर डूख धरला त्याच्या हातात मी कप दिला होता, आणि जिने मला वडी दिली तिच्या हातून काढून घेतला होता. त्या बाई जिन्यात भेटल्या. "पुढच्या महिन्यात या हं," म्हणाल्या. त्यांना काही कळलं नव्हतं. त्याचंच जास्त वाईट वाटलं.

आजोळच्या माजघरात हे कळायचा प्रश्नच नव्हता. तिथे आजीने अठ्ठी अडवली तर रडायची मी आणि हसायचे सगळे, हिशेब तिथल्या तिथे मिटायचा. इथे मी मारलेला दगड तिसऱ्याच टेबलावरच्या माणसाला लागतो.

रिक्षात काकू बराच वेळ गप्प होत्या. दांडेकर पुलापाशी म्हणाल्या, "रीडबल केलं असतं तर हजार ऐंशी झाले असते."

"मग का नाही केलं त्यांनी?"

"ते त्यांना विचार."

मी विचारलं नाही. दया आली म्हणून, की 790 पुरेसे होते म्हणून, की माझ्या हातात खरंच काही असेल या भीतीने? त्या चेहऱ्यावरून काही समजायची सोय नव्हती. आणि पुढच्या पंधरवड्यात तर ते आणखी कठीण झालं. एका डावात त्यांच्या पार्टनरला मी त्यांच्या बोलीचा अर्थ विचारला. तो अर्थ मी आजही नीट सांगू शकणार नाही, पण काकांकडे चौकटची चांगली पानं आहेत असं पार्टनर म्हणाले. बोली संपली, डाव काकांकडे गेला, मी पहिलं पान टाकायला हात उचलला, तोच काकांनी हात वर केला. "डायरेक्टर, प्लीज." माझ्या पोटात गोळा. आता मी काय केलं? ते म्हणाले, "पार्टनरने सांगितलेला अर्थ चुकीचा आहे. आमच्या ठरल्याप्रमाणे त्या बोलीत चौकटबद्दल काहीच नाही." मी चौकट टाळणार होते. आता चौकटच टाकली, आम्हाला त्यात सुरुवातीचे दोन हात मिळाले आणि त्यांचा डाव एका हाताने पडला.

काकूंनी नंतर सांगितलं की नियमच तसा आहे, यात उपकार काही नाहीत. असेल. पण ते गप्प बसले असते तर त्या हॉलमध्ये हे दोन माणसांपलीकडे कोणाला कळणार होतं? माझ्या डोक्यात त्यांचा खलनायक पक्का बसवलेला होता, तो आता कुठे ठेवावा हेच कळेना.

जूनमधल्या एका बुधवारी हे झालं. पुन्हा तेच टेबल. काका हुकूम बदाम करून खेळत होते. त्यांनी किलवर टाकलं. माझ्या हातात किलवर नव्हतं, म्हणून मी बदामाच्या पंजीने हात मारला. खूश. त्यानंतर आम्हाला आणखी एक हात मिळाला. शेवटची चार पानं उरली तेव्हा इस्पिकच्या सत्तीमागून काहीतरी काळं डोकावलं. किलवरची तिर्री. इतका वेळ ती इस्पिकात मिसळून बसली होती.

माझ्या कानशिलांत ठोके पडायला लागले. नियम मला आता ठाऊक होता, काकूंनी मुद्दाम माझ्याकडून वाचून घेतला होता: आपल्या बाजूची चूक आपणहून सांगायलाच हवी असं बंधन नाही. लपवायची मात्र नाही. आता ती तिर्री काय वाटेल तशी टाकली तरी दिसणार होती, पण शेवटच्या पळापळीत लक्ष कोण देतं? शिवाय हा माणूस! मी काकूंकडे बघितलं. त्या छताकडे बघत होत्या.

शेवटचं पान पडलं. सगळ्यांनी आपापली पानं गोळा करायला घेतली. मी माझी उताणी ठेवली, तिर्री पुढे सरकवली आणि घसा खाकरून म्हटलं, "माझ्याकडे किलवर होतं. असून हुकूम मारला मी."

मला काय अपेक्षित होतं कोण जाणे. निदान मान हलेल, भुवई उचलली जाईल.

स्वेटरवाल्या काकांनी वरही बघितलं नाही. त्यांचा एक हात आधीच हवेत होता. "ठाऊक आहे," ते म्हणाले. "डाव संपायची वाट बघत होतो. डायरेक्टर, प्लीज."

मुलगा पुस्तक घेऊन आला. आमचे दोन हात त्यांच्याकडे गेले.